विशेबाई आणि न उघडलेल्या फायली

मंदाकिनी विशे यांच्या तोंडात ‘नाही’ कायम तयार असे. ‘हो’ हवा असेल तर कारण सांगावं लागे, ते त्यांना पटावं लागे, आणि पटलं तरी त्या विचार करून सांगते म्हणत. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत त्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात त्या एकट्याच, तेव्हा स्वतःच्याच प्रमुख. मी डिझाइन सेक्शनला ड्राफ्ट्समन, आणि माझं टेबल त्यांच्या काचेच्या खोलीच्या अगदी समोर. त्यामुळे त्यांनी दिलेले बहुतेक नकार मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेले आहेत. पासवर्ड फोनवर सांगता का मॅडम? नाही. सेक्शन हेडना नवा मॉनिटर? नाही. घरून आणलेला पेन ड्राइव्ह लावू का, असं कुणी विचारलं तर त्या तेवढेही शब्द खर्च करत नसत, नुसतं चष्म्यावरून बघत. विचारणारा पेन ड्राइव्ह खिशात घालून परत जाई.

तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठीमागे विशेबाई. इथे मी विशेबाईच म्हणणार आहे. त्यांना ते माहीत होतं आणि चालत होतं.

त्या चामटोलीच्या. बदलापूरच्या पुढे, घरची भातशेती, नवरा शेती बघणारा. त्या काळातली त्यांची बीएस्सी आणि पुढचा कॉम्प्युटरचा कोर्स म्हणजे गावात मोठं प्रकरण होतं, पण गावाला त्यांच्या नोकरीचा नेमका अर्थ शेवटपर्यंत लागला नाही. आमची कंपनी केमिकल कारखान्यांसाठी रिॲक्टर बनवते, म्हणजे ज्यात रसायनं उकळतात ती दोन-दोन मजली स्टीलची भांडी. आम्ही आपसात त्यांना भांडीच म्हणतो. हे चामटोलीत कळल्यावर प्रत्येक लग्नसराईत नातेवाईक त्यांच्याकडे कुकर स्वस्तात मिळेल का म्हणून विचारायला येत. त्या कुणाचा गैरसमज दूर करत नसत. आमचा कुकर तुमच्या ओट्यावर मावायचा नाय, एवढंच सांगत.

आता या भांड्यांची गंमत अशी की भांडं ट्रेलरवर चढून कारखान्याबाहेर जातं, पण त्याची फाईल आमच्याकडे राहते. ड्रॉइंग, स्टीलच्या तपासण्या, प्रत्येक वेल्डिंगचा एक्स-रे. भांडं पंचवीस-तीस वर्षं कुठेतरी उकळत असतं आणि फाईल आमच्या सर्व्हरवर पडून असते. कुणी उघडत नाही. नव्या भांड्यांच्या फायली येतच राहतात आणि सर्व्हर भरत जातो. इतर कंपन्यांत अशा वेळी जुनं पुसतात किंवा नवा सर्व्हर घेतात. आमच्याकडे विशेबाई होत्या, त्यामुळे पुसणं शक्य नव्हतं. आणि मालक म्हणून मोठे शेठ होते, त्यामुळे नवा सर्व्हर शक्य नव्हता. म्हणून टेपचं मशीन आलं.

टेप म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखीच, पण आकाराने तळहाताएवढी. एकेका टेपवर आमच्या सेक्शनचं कित्येक वर्षांचं काम मावत असे. विशेबाई काळ्या स्क्रीनसमोर बसून एक कमांड टाइप करत. माउस त्यांनी खणात ठेवून दिला होता. माउसने माणूस न वाचता काम करतो, असं त्यांचं मत होतं. त्या कमांडने दोन वर्षांत न उघडलेल्या फायली सर्व्हरवरून उचलून टेपवर जात आणि सर्व्हरवर त्यांच्या जागी नुसतं नाव राहत असे. त्याला त्या पाटी म्हणत. घर टेपवर, पाटी सर्व्हरवर. आपण पाटीवर क्लिक केलं की मशीनमधला लोखंडी हात बरोबर ती टेप शोधून काढी, आत सरकवी आणि दोन-तीन मिनिटांत फाईल हजर होई. ती दोन-तीन मिनिटं आमच्या साहेब लोकांना फार जड जात. कुणी काचेवर टकटक करून, मॅडम, अजून नाही आली, असं म्हणालं, की त्या मान वर न करता, येतेय, चालत येतेय, म्हणत.

पण ती कमांड त्यांनी कधीच सरळ चालवली नाही. आधी ‘नुसतं विचारायचं’ असा त्यांचा शिरस्ता होता. कमांडला तशी सोय असते: काय काय हलेल ते दाखव, हलवू मात्र नकोस. ती यादी त्या कँटीनच्या बोर्डावर लावत आणि आठवडाभर ठेवत. कुणाला हरकत असेल त्याने त्यांच्यासमोर येऊन तोंडी सांगायची. ईमेलवरची हरकत त्या मोजत नसत. हा शिरस्ता त्यांनी घरीही नेला होता. कपाट हलवायचं ठरलं की आधी नवऱ्याला रिकाम्या हातांनी त्या वाटेने चालून दाखवायला लावत. बिचारा हात पसरून चालून दाखवत असे, असं त्याच सांगत आणि स्वतःच हसत.

या यादीने आमच्या सेक्शनमध्ये एक चमत्कारिक रीत सुरू झाली. आपली फाईल टेपवर गेली म्हणजे आपणच अडगळीत गेलो, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. मग शनिवारी दुपारी, काम संपल्यावर, अर्धा सेक्शन आपापली जुनी ड्रॉइंग एकेक करून उघडायचा आणि बंद करायचा. कशासाठी? तर फाईल वापरात दिसावी म्हणून. आम्ही याला ‘हात लावून ठेवणं’ म्हणायचो. पंधरा वर्षांपूर्वीची भांडी दर शनिवारी अशी तरुण होत होती. सर्व्हर गच्च, यादी मात्र चार ओळींची.

विशेबाईंना हे कळायला वेळ लागला नाही. त्या रागावल्या नाहीत. एका सोमवारी त्या सेक्शनमध्ये आल्या, एकेका टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि शनिवारी उघडलेल्या भांड्यांची चौकशी करू लागल्या. हे जे तू परवा बघितलंस, त्याचं मॅनहोल कुठल्या बाजूला आहे? ह्याला आतून कॉइल आहे का नाय? बघितलंस ना परवा? कुणालाच काही सांगता येईना. माझ्या टेबलापाशी येईपर्यंत मी घाईघाईने एक ड्रॉइंग उघडून मॅनहोल, म्हणजे माणसाने भांड्यात उतरायचं तोंड, शोधत होतो. “सावंत, राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुझी भांडी पळून नाय जात. मी सांभाळतेय.” त्यांनी शनिवारचं उघडणं न मोजता यादी काढली, आणि आठवड्याभराने आमचा सगळा शनिवार टेपवर गेला.

मोठ्या शेठना तर त्यांनी आमच्यासारखंच वागवलं. शेठ उल्हासनगरचे सिंधी, आवाज एवढा की शॉप फ्लोअरवरचं ग्राइंडिंग थांबायचं. ते हिंदीत ओरडत आणि विशेबाई मराठीत उत्तर देत. एवढ्या वर्षांत दोघांपैकी कुणी भाषा बदलली नाही. शेठनी मुलीच्या लग्नाचे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर ठेवले होते. कमांडला शेठ कोण ते कळत नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे लग्न टेपवर गेलं. शेठ केबिनमधून थेट खाली आले आणि काचेच्या दारात उभे राहून ओरडले, “साईं, मेरी बेटी की शादी कहाँ गई?” विशेबाईंनी सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही एकदाही उघडली नाय, यादी आठवडाभर बोर्डावर होती, आता उघडा आणि तीन मिनिटं थांबा. शेठ चक्क थांबले. विशेबाईंच्याच खुर्चीवर बसून त्यांनी अख्खं लग्न बघितलं, मधे दोनदा चहा मागवला, एकदा डोळे पुसले. त्यानंतर टेपचं मशीन आणि त्याची एसी खोली यांच्या खर्चाबद्दल त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

टेपवरून फाईल खरोखरच्या निकडीने मागवल्याचा प्रसंग मी एकदाच बघितला. वालधुनीला पूर आला होता आणि नदीलगतच्या एका केमिकल कारखान्यात पाणी शिरलं होतं. त्यांची सगळी कागदपत्रं चिखलात गेली. त्यातच तिथलं आमचं एक जुनं भांडं दुरुस्तीला आलं. आत उतरून वेल्डिंग करायचं होतं. आत उतरणार होता आमचा वेल्डर गायकवाड, बुवापाड्यात राहणारा, कामाला चोख माणूस. भांड्याला आतून कुठल्या धातूचं अस्तर आहे, हे तिथल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. ज्याने डिझाइन केलं तो आमच्याकडून रिटायर होऊन गेलेला. विशेबाईंनी पाटी उघडली, लोखंडी हात हलला, ड्रॉइंग आलं. अस्तर आम्ही समजत होतो ते नव्हतंच. गायकवाडने ड्रॉइंग नीट वाचलं, बरोबर आणलेले वेल्डिंगचे रॉड परत पाठवले, दुसरे मागवले आणि मग आत उतरला. संध्याकाळी बाहेर आला, हातपाय धुतले आणि रिक्षात बसून घरी गेला. काही झालं नाही. आमच्या धंद्यात काही न होण्यासाठीच एवढी सगळी खटपट असते.

मग शेठ थकले आणि कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी हेड ऑफिसहून कौशिक नावाचे आयटी मॅनेजर पाठवले. कौशिक वाईट माणूस नव्हते. हळू बोलत, चहा आणून देणाऱ्यालाही थँक्यू म्हणत. त्यांना वरून सांगितलं होतं की जुना सर्व्हर बंद करा, चालू फायली क्लाउडवर न्या, पाच वर्षांत न उघडलेल्या पुसून टाका आणि टेपची खोली रिकामी करा. तिथे नवी मीटिंग रूम होणार होती. त्यांनी येऊन हे विशेबाईंना व्यवस्थित समजावून सांगितलं आणि पुसायची कमांड चालवायला सांगितली.

विशेबाईंनी की-बोर्डवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. “नाय,” त्या म्हणाल्या.

कौशिकनी कारण विचारलं. या फायली दहा-दहा वर्षं कुणी उघडलेल्या नाहीत, हे त्यांनी आकडे दाखवून सांगितलं. विशेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काचेचं दार उघडं होतं, त्यामुळे त्यांचं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“साहेब, फाईल उघडत नाय म्हणजे भांडं धड चाललंय. माणूस आजारी पडत नाय म्हणून कुणी डॉक्टरला मारतं का? ही भांडी अजून उकळतायत. त्यांच्या बाजूला माणसं उभी आहेत, तीन शिफ्टमध्ये. भांडं भंगारात गेलं असं मला लिहून आणून द्या, त्याची फाईल मी आत्ता पुसते. चालू भांड्याची नाय पुसणार.”

कौशिक म्हणाले ठीक आहे, मी बघतो. त्यांनी चिडून दाखवलं नाही. त्यांनी पुसण्याचं बाजूला ठेवून आधी सगळंच क्लाउडवर उतरवून घ्यायला घेतलं, आणि काम इतक्या झटपट झालं की त्यांनी मीटिंगमध्ये अभिमानाने सांगितलं. विशेबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी नदीलगतच्या कारखान्याचं ते भांडं उघडून दाखवा म्हणून विनंती केली. कौशिकनी क्लिक केलं. पडद्यावर काहीच आलं नाही. दुसरं उघडलं, तेही रिकामं. त्यांच्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने नुसत्या पाट्या उचलून नेल्या होत्या. घरं इथे टेपवरच राहिली होती.

मला वाटलं आता तरी विषय संपला. पण कौशिक थोडा विचार करून म्हणाले, मग तर प्रश्नच मिटला. जे आलं नाही ते कुणाच्या कामाचं नव्हतंच. आणि आमच्या सेक्शन हेडनी मान डोलावली. मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. चूक झाली, ठीक, चुका होतात. पण चुकीलाच धोरण म्हणायचं आणि वर तिला चहा-बिस्किटं द्यायची, हे माझ्या पचनी पडलं नाही.

विशेबाईंच्या तर नाहीच पडलं. त्या उठून खोलीत गेल्या आणि ज्या ज्या कारखान्यात आमची भांडी चालू होती त्या सगळ्यांना त्यांनी ईमेल लिहिली. आडपडदा काही नाही. तुमच्या भांड्याची नोंद आमच्याकडे आहे. भांडं चालू आहे तोवर ती मागण्याचा तुम्हाला आपल्या करारातच हक्क आहे. कंपनी ती आता नष्ट करणार आहे. हवी असेल तर लगेच मागा. खाली स्वतःचं नाव, हुद्दा, आणि प्रत नव्या मॅनेजिंग डायरेक्टरना. लपूनछपून काही करायचं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. कौशिक धावत आले आणि ईमेल मागे घ्या म्हणू लागले. त्यात खोटं काय लिहिलंय तेवढं दाखवा, तेवढं मागे घेते, असं त्यांनी सांगितलं. खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांना नोकरीवरून काढलं. हे मी इथेच सांगून टाकतो, कारण नोटिशीवर या बाईंची गोष्ट संपवायला मी तयार नाही. राजीनामा द्या, सन्मानाने जा, असं त्यांना आधी सुचवण्यात आलं. मी देणार नाय, तुम्ही काढा, काढताना कारण लिहा, असं त्यांनी उत्तर दिलं. कारण लिहिताना म्हणे एचआरला फार त्रास झाला. निरोप समारंभ झाला नाही. मी चामटोलीला जाऊन भेटलो नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या कंपनीतल्या शेवटच्या दिवशीच्या विशेबाई.

त्या सकाळी त्यांना एचआरमध्ये बोलावून बसवून ठेवलं होतं. तेवढ्यात उल्हासनगरहून भंगारवाल्याचा टेम्पो आला. हमालांनी टेपचे खोके वरून आणून पोर्चमध्ये उन्हात रचले. जेवणाची सुट्टी होत आली होती. विशेबाई जिन्याने खाली उतरल्या, त्यांनी खोके बघितले, टेम्पो बघितला. हातात डबा होता. त्या पुढे आल्या आणि शांतपणे एका खोक्यावर बसल्या. डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट.

टेम्पोवाला म्हणाला, “मावशी, उठा ना. गाडी भरायची आहे.”

“जेवते रे. जेवत्या माणसाला उठवतात का?”

हमालांना हसू आलं. त्यांनी हमालांपुढेही भाकरीचा तुकडा केला, आणि तेही टेम्पोच्या सावलीत टेकले. भोंगा झाला. शॉप फ्लोअरवरचे लोक बाहेर आले आणि सुकटीच्या वासाने की कशाने तिथेच घोळका करून उभे राहिले. गायकवाडही होता. कुणी घोषणा दिली नाही. एवढी माणसं एका बाईचं जेवण बघत उभी होती आणि ती बाई कधी नव्हे इतकी हळू जेवत होती.

कौशिक खाली आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “मॅडम, प्लीज उठिए. ये कंपनी की प्रॉपर्टी है.”

“कंपनीचीच आहे,” विशेबाई म्हणाल्या. “म्हणून तर बसलेय.”

मग कौशिकांचा फोन वाजला. हेड ऑफिस होतं. ते बाजूला जाऊन बराच वेळ नुसते येस सर म्हणत राहिले. नंतर आम्हाला कळलं की सकाळपासून कारखान्यांची उत्तरं एकामागून एक आली होती. पहिलं नदीलगतच्या कारखान्याचं. नोंद नष्ट केली आणि उद्या भांड्याला काही झालं तर जबाबदारी तुमची राहील, असं प्रत्येकाने आपापल्या इंग्रजीत लिहिलं होतं. मॅनेजिंग डायरेक्टरना प्रत गेलेली, तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं असंही म्हणता येत नव्हतं. कौशिकनी फोन खिशात ठेवला आणि टेम्पोवाल्याला जायला सांगितलं. हमाल उडी मारून मागे चढले. टेम्पो रिकामा गेटबाहेर गेला.

“टेप राहणार,” कौशिक हळूच म्हणाले. “पण मॅडम, तुम्ही उद्यापासून यायचं नाही. ऑर्डर आहे.”

“उद्याचं उद्या,” विशेबाईंनी डबा बंद केला, हात पुसले आणि त्या उठल्या. “टेपना ऊन लागतंय. ती बाजू धरा.”

कौशिकनी इकडेतिकडे बघितलं. हमाल गेले होते. गायकवाड बाह्या सरसावत पुढे आला, तर विशेबाईंनी त्याला हाताने थांबवलं. “तू नको. साहेब धरतायत.”

आणि साहेबांनी धरलं. गळ्यातलं ओळखपत्र खांद्यावरून मागे टाकून ते वाकले आणि त्यांनी खोक्याची एक बाजू उचलली. दुसरी विशेबाईंनी. ज्या बाईला आत्ताच कामावरून काढलं होतं ती उलट्या पावलांनी जिना चढत होती, खालून आयटी मॅनेजर घामाने निथळत वर येत होते, आणि सगळा शॉप फ्लोअर मान वर करून बघत होता. वळणावर खोका भिंतीला घासला, तसा वरून विशेबाईंचा आवाज आला.

“आडवा नको, साहेब. उभा धरा. अजून बरेच आहेत.”